नऊच पोरी जमल्या म्हणून

सांगली,
ऑगस्ट २०२५

चि. तनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस आणि मला काही सुचेना, म्हणून लिहायला बसले. बाहेर झड लागलीय, पप्पा आयर्विन पुलावर पाणी बघायला गेलेत, शिलाई बंद. नऊच पोरी जमल्या म्हणून कॉलेजनं फुटबॉलच्या स्पर्धेतून नाव काढून घेतलं, याचा राग मलाही आला. पण तू सांगत होतीस तेव्हा मला दुसराच एक रविवार आठवत होता.

२३ जानेवारी २०२२. तू दहावीत. महिला फुटबॉलची आशियाई स्पर्धा आपल्याच महाराष्ट्रात. तीन दिवसांपूर्वी नवी मुंबईत इराणशी शून्य-शून्य बरोबरी झालेली, आता तैवान. (स्पर्धेत त्यांना चायनीज तैपेई म्हणतात, हे तूच शिकवलंस.) साडेसातच्या आधीच तू ताट घेऊन टीव्हीसमोर. आणि सामनाच झाला नाही. कोरोनानं इतक्या जणींना गाठलं की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा जणीही उभ्या राहीनात. घरच्या अंगणात स्पर्धा आणि आपणच बाहेर! इराणशी झालेली बरोबरीसुद्धा रद्द धरली. तू ताट तसंच ठेवून उठलीस.

तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपली खो-खोवाली. सांगलीत मुलींच्या खेळाचं नाव काढलं की लोक माधवनगरच्या स्मृती मानधनाचं सांगतात, आणि फुटबॉल म्हटलं की कोल्हापूरकडे बोट दाखवतात, तेही पोरांच्या. पण त्या रात्रीनंतर दिसेल ते वाचायला लागले.

भारताच्या पोरींची ही टीम काही कालपरवाची नाही गं. १९७५ साली बायकांच्या फुटबॉलचा वेगळा महासंघ निघाला. देशाच्या मोठ्या फुटबॉल महासंघानं त्यांना पदरात घ्यायला नव्वदचं दशक उजाडलं. तोवर यांनी काय केलं? १९८० च्या जानेवारीत कालिकतला आशियाई स्पर्धेची फायनल गाठली. हरल्या कुणाकडून? तैवानकडूनच! १९८३ ला पुन्हा फायनल, तिथं थायलंडकडून हार. मी तेव्हा तीन वर्षांची होते. त्याच वर्षी शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉल खेळणाऱ्या बाईला पहिल्यांदाच. दुसरीला मिळायला २०१७ साल उजाडलं, मणिपूरच्या बेमबेम देवीला. मधली चौतीस वर्षं! एवढ्यात माझी शाळा, लग्न, तू, सगळं होऊन गेलं. ही बेमबेम लहानपणी मुलग्याचं नाव सांगून पोरांच्यात खेळायची म्हणे. ते वाचून मी मशीनवर एकटीच हसत बसले, गिऱ्हाईक बघतच राहिलं.

दक्षिण आशियाची स्पर्धा तर २०१० पासून ओळीनं पाच वेळा जिंकल्या. कुणाला पत्ता आहे?

आणि यंदाचा ५ जुलै. चियांग माईत थायलंडला त्यांच्याच मैदानावर हरवलं, दोन-एक. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे, एक लांबून मारलेला, एक डोक्यानं. थायलंडच्या मुली दोन वर्ल्डकप खेळून आलेल्या, हे ध्यानात घे. पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत जायची आपली ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी आषाढी होती. पेपरभर पंढरपूर, मग क्रिकेट, आणि आपल्या पोरी आतल्या पानावर एका कोपऱ्यात. साबुदाणा भिजत घातला होता तो तसाच ठेवून मी आधी कात्री आणली. ते कात्रण पिठाच्या डब्यामागच्या भिंतीला चिकटवलंय.

आता मार्चात ऑस्ट्रेलिया. गट कुठला आलाय बघ: जपान, व्हिएतनाम आणि तैवान. सामने आपल्याकडे दुपारचे असतील. परीक्षेचं बघून तैवानच्या दिवशी घरी ये, मी दुकान बंद ठेवते.

भडंग आणि लिंबाचं लोणचं एसटीच्या पार्सलनं पाठवतेय. भडंग एकटीनं खाऊ नकोस, त्या आठ जणींनाही दे. आणि तुमच्या टीमच्या अकरा टी-शर्टांवर नंबर शिवून झालेत, ते इथं पेटीत पडलेत. अजून दोन पोरी कुठून मिळतील, खालच्या वर्गात विचारलंस का? टी-शर्ट याच पार्सलात घालू की थांबू, तेवढं उद्या सकाळी कळव.

तुझी,
आई