मन्या, कॉम्प्रेसरला हात लावू देऊ नकोस

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन
रविवार, रात्री

प्रिय मन्या,

तुझ्या व्हॅनचा एसी बिघडला म्हणून कॉम्प्रेसरला हात घालायला निघालेल्या त्या गॅरेजवाल्याला आधी थांबव. बाकीचं सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बस.

तूच लिहिलंयस की कोलोराडोत आय-७० महामार्गावर आयझेनहावर बोगद्याचा चढ लागला की समोरच्या जाळीतून येणारा वारा बंद होतो आणि काचेवर जायला लागतो, उतार लागला की मुकाट्याने परत येतो. आणि काचेवर जातो तेव्हाही तो गारच असतो, हे वहिनींनी हात लावून पाहिलं म्हणतोस. मग लेका, एसी बिघडलाय कुठे? कॉम्प्रेसर गेला असता तर उतारावर काय तो बरा होणार होता? एसी ठणठणीत आहे, वाऱ्याची दिशा तेवढी बदलतेय.

तुझ्या व्हॅनच्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकात, फोर्डच्या इकोनोलाइनसारख्या कितीतरी अमेरिकन गाड्यांत वाऱ्याची दिशा बदलणारी झाकणं विजेच्या मोटरवर नव्हती, इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे त्याच्या हवा ओढण्याच्या जोरावर चालायची. पेट्रोल इंजिन हवा आत खेचतं, थ्रॉटल, म्हणजे पेडलने उघडणारी झडप, ती अडवतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये, इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, व्हॅक्यूम तयार होतो. तिथून एक बारीक नळी निघते, एका एकतर्फी व्हॉल्व्हमधून आणि प्लॅस्टिकच्या साठवण-डब्यातून फिरून डॅशबोर्डच्या आत शिरते. तू नॉब फिरवलास की त्यामागची चकती तो व्हॅक्यूम वेगवेगळ्या रंगांच्या नळ्यांना वाटून देते. नळीच्या टोकाच्या डबीत रबराचा पडदा असतो, तो ओढला गेला की झाकण सरकतं. गरम-गार ठरवणारं झाकण वेगळं, त्याला सहसा केबल किंवा मोटर असते. म्हणून तुझा गारवा शाबूत राहिला.

आणि व्हॅक्यूम संपला की? स्प्रिंग झाकणाला मागे ढकलते आणि वारा काचेवर जातो. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. काचेवरचं बर्फ आणि वाफ घालवण्याची सोय इथे फेडरल सुरक्षा मानक क्रमांक १०३ प्रमाणे सक्तीची आहे. नळी तुटली तर पाय गारठले तरी चालतील, पण रस्ता दिसला पाहिजे. जानेवारीत मिशिगनमध्ये गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आता तुझ्या चढाची गंमत. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलला, म्हणजे पेडल न दाबता नुसतं चालू असताना, साधारण १८ ते २० इंच पारा इतका व्हॅक्यूम देतं. उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे दर हजार फुटांना अंदाजे एक इंच कमी. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे तुझ्या अंगणातच पाच इंच गेले. बोगदा ११,००० फुटांच्याही वर. त्यात चढावर तू पेडल दाबून धरलेलं, थ्रॉटल सताड उघडा, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही. अशा वेळी तो एकतर्फी व्हॉल्व्ह बंद होऊन डब्यातला साठा राखतो आणि झाकणं जागेवर राहतात. तुझा साठा टिकत नाहीये. शहाळ्यातल्या स्ट्रॉला बारीक चीर गेली तर जोरात ओढल्यावर थोडं पाणी येतं, जरा दम सोडला की हवाच, तसं आहे हे. व्हॅन तू कॅन्ससमधून घेतलीस ना? तिथल्या सपाट रस्त्यावर ही गळती आधीच्या मालकाला कळलीही नसेल. त्याला फसवा म्हणू नकोस.

गळती शोधताना डॅशबोर्ड उघडायची घाई करू नकोस, सुरुवात इंजिनाकडून कर. कारण उष्णता तिकडे असते आणि रबर आधी तिथेच मरतं. व्हॅनचं अर्धं इंजिन दोन सीटांच्या मधल्या कव्हरखाली कोंडलेलं, तिथे तर नळ्या भाजूनच निघतात. आधी इंजिन बंद करून किल्ली नुसती ऑनवर ठेव आणि नॉब फिरवून बघ. साठा धड असेल तर निदान एकदा तरी झाकण हलल्याचं ऐकू येईल. काहीच हललं नाही तर व्हॉल्व्ह, डबा, नळ्या, सगळेच संशयित. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघ: एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने मुळीच नाही. काढण्याआधी फोटो काढून ठेव, उलटा बसवलास तर काहीच चालणार नाही.

मग हातपंप. गेज लावलेला व्हॅक्यूम पंप पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत डिपॉझिट भरून वापरायला मिळतो, विकत घेऊ नकोस. एकेक तुकडा सुटा करून, दुसरं टोक बंद करून १५ इंचांपर्यंत ओढ आणि काटा बघत बस. मिनिटभर हलला नाही तर तो तुकडा सोडून पुढे जा. नळीचं तोंड बंद करायला इथले मेकॅनिक गोल्फचा टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, खुपसतात. तुझ्याकडे धूळ खात पडलेला तो गोल्फ सेट अखेर उपयोगाला येईल!

प्लॅस्टिकची नळी सहसा सरळ भागात तडकत नाही, रबरी कोपऱ्यांपाशी आणि बॅटरीजवळ बघ. तडा सापडला की टेप गुंडाळू नकोस, तेवढा तुकडा कापून व्हॅक्यूमचीच रबरी नळी घाल. वायपरच्या पाण्याची नळी मापाला बसते, पण गरम झाली की आतून चिकटते. सिलिकॉन वगैरे सीलंट तर लांबच ठेव.

इंजिनाकडचं सगळं टिकलं तरच आत शीर. सगळं शांत असताना नॉबच्या मागे सूं-सूं ऐकू आलं तर चकतीच गळतेय, ती आख्खी बदलायची. ग्रीस चोपडून काही होत नाही. आणि डॅशखाली हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून जरा वेळ थांब, एअरबॅग आहे तिथे. इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल तर गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेव, बाह्या वर घे. ब्रेक ऐकू येण्याइतका फुसफुसला किंवा पेडल कडक लागलं तर मात्र हे सगळं बाजूला ठेव आणि गाडी उभी कर. ब्रेकला जोर देणारा बूस्टरही त्याच मॅनिफोल्डवर जगतो.

आणखी एक. चेक इंजिनचा दिवा लागलाय म्हणालास. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घे. पी०१७१ किंवा पी०१७४ निघाला तर इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, बहुधा कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय, आणि मोठी गळती असेल तर दोन्ही दुखणी एकाच नळीची असू शकतील. तसं असेल तर तुझं नशीब, एका डॉलर-दीड डॉलरच्या रबरात काम होईल. नसेल तर पुन्हा बोलू.

गणपतीला मखर आणि स्पीकर याच व्हॅनमधून न्यायचे आहेत ना? मग ऑगस्टची वाट बघू नकोस. पुढच्या शनिवारी तुझ्याकडे सकाळ झाली की पंप लावून मला व्हिडिओ कॉल कर, गेज कॅमेऱ्यासमोर धर. मी इकडे घरीच आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
दिग्या