एका हाताचं काम नाही

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला अकरा वर्षांपूर्वीच मिळायला हवं होतं. तेव्हा मी दहावीत होते. आता लिहिते आहे ते सगळ्यांना वाचता येईल असं, कारण तुम्ही काय केलंत ते फक्त आमच्या घरात राहू नये असं मला वाटतं.

त्या वर्षी पावसाळ्याआधी एका इमारतीचं बाहेरचं रंगकाम चालू असताना बाबा परांचीवरून पडले. उजवा खांदा निखळला, मानेला मार बसला. डॉक्टर म्हणाले, आता हात डोक्याच्या वर जाणार नाही. रंगाऱ्याचा हात वर जाणार नाही म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. बाबा खिडकीपाशी बसून राहायला लागले. बोलणं बंद. मी तुमच्याकडे चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीला यायचे, ते फीमुळे थांबवलं. तुम्ही चौकशी करत आमच्या खोलीवर आलात, चहा घेतलात, फीचा विषयही काढला नाहीत. जाताना म्हणालात, ‘‘रविवारी बाबांना घेऊन ये. एका पेंटरचं काम दाखवायचंय.’’

सर, ‘पेंटर’ हा शब्द तुम्ही त्या दिवशी कसा उच्चारलात ते मला अजून आठवतं. शाळेत मी ‘वडील पेंटर आहेत’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, चित्रांचे की भिंतींचे? तुमच्या तोंडी तो फरक नव्हता.

गॅलरीत बाबा दाराशीच चपला काढायला वाकले होते. तुम्ही त्यांना हाताला धरून थेट त्या एका कॅनव्हाससमोर नेलंत. उंच, उभा कॅनव्हास. पिवळट करड्या रंगात मधूनच काही आकार वर आल्यासारखे, ओल्या भिंतीवर डाग उमटावेत तसे, आणि पुन्हा आत बुडालेले. खाली पाटी होती, वासुदेव संतू गायतोंडे. मी तुमच्याकडे बघितलं, आता सर समजावून सांगतील म्हणून. तुम्ही बाबांना विचारलंत, ‘‘तुम्ही सांगा. हा रंग कसा लावलाय?’’

मला त्या क्षणी तुमचा राग आला होता. सहा महिने गप्प बसलेल्या माणसाला परक्या जागी का विचारताय, असं वाटलं. बाबा मात्र चित्राच्या बाजूला गेले, मान तिरकी केली आणि पृष्ठभागावरून नजर फिरवायला लागले. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाल्यावर भिंत सरळ आली की नाही हे बघायला रंगारी बॅटरी तिरकी मारतात, अगदी तसं. रखवालदार दोन पावलं पुढे आला, तुम्ही त्याला हातानेच थांबवलंत. बराच वेळ गेला. मग बाबा मालवणीत म्हणाले, ‘‘ह्यां एका हाताचां काम नाय, सर.’’

रंगाऱ्यांच्या भाषेत ‘हात’ म्हणजे रंगाचा एक थर. आणि पुढची दहा मिनिटं ते बोलत होते. खालचा हात पातळ आहे, तो पुरता वाळू दिलाय. वर रोलर फिरवलाय, ब्रशचे केस कुठे दिसत नाहीत. इथे पत्री, म्हणजे पुट्टी भरायचं पातं, लावून रंग ओढून काढलाय, म्हणून खालचा उजळ थर वर आला. आणि हे जे तुटक आकार आहेत ना, ते हाताने काढलेले नाहीत, काहीतरी ओल्या रंगावर दाबून उचललंय. तुम्ही म्हणालात, बरोबर, कागद. गायतोंडे वर्तमानपत्राचे, मासिकांचे कागद फाडून ओल्या रंगावर दाबत, रंग उचलून घेत किंवा सोडत. रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे चित्रकाराची रंगाची सुरी, हीच त्यांची मुख्य हत्यारं. बाबांनी विचारलं, वाळायला किती दिवस देत? तुम्ही सांगितलंत की ते वर्षाला मोजकीच, पाच-सहा चित्रं करत. रंग लावण्याचा वेळ थोडा, बसून बघण्याचा वेळ फार. बाबांनी मान डोलावली. घाईत दुसरा हात मारला की पहिला फुगतो, हे त्यांना ठाऊकच होतं.

चित्रकाराची गोष्ट तुम्ही नंतर सांगितलीत, बाकावर बसून, तुकड्यातुकड्यांनी. जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणं मूळ गोव्याचं. (‘‘म्हणजे आमच्याच बाजूचे,’’ बाबा लगेच म्हणाले.) गिरगावातल्या चाळीत वाढले. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये मागाहून आले, पण राहिले आपल्या वाटेनेच. आधी माणसं, पक्षी काढत, पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराची चित्रं त्यांना फार आवडत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला आकृत्या सुटल्या त्या सुटल्याच. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री, आणि मग मुंबई सोडून दिल्लीत निजामुद्दीनला भाड्याच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकट्याचं राहणं. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलंही त्यांना रुचत नसे, वस्तुनिरपेक्ष म्हणा म्हणत. बाबांना यातलं काही आठवत असेल असं नाही. त्यांना आठवतं ते एवढंच, की हा माणूस सही चित्राच्या पाठीमागे करायचा आणि देवनागरीतही करायचा.

मग तुम्ही पिशवीतून झेरॉक्स काढल्यात. १९८४ सालच्या अपघाताचं सांगितलंत. जबर दुखापत झाली, मोठा कॅनव्हास पुढे काही वर्षं जमला नाही. त्या काळात त्यांनी लहान कागदांवर शाईने कामं केली. काळ्या शाईच्या काही खुणा, बाकी कागद मोकळा. दशक संपता संपता ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. तुम्ही ‘तुम्हीही असं करा’ म्हणाला नाहीत. नुसत्या झेरॉक्स बाबांच्या मांडीवर ठेवल्यात आणि पाणी प्यायला उठून गेलात. मी बघत होते. बाबा डाव्या हाताने एकेक कागद उलटत होते, आणि उजवा हात मांडीवरच, कोपरापासून पुढे, त्या खुणांबरोबर थोडा थोडा हलत होता.

किंमत तुम्ही मुद्दाम फाटकाबाहेर आल्यावर सांगितलीत. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं होतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानेही त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. बाबा म्हणाले, पैसे सोडा, काम स्वच्छ आहे. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नाही, सर.

पुढचं तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. आठवड्याभरात बाबा आमच्या ओळखीच्या रंगाच्या दुकानात जाऊन बसायला लागले. जुन्या भिंतीचा पोपडा कुणी आणून दाखवला की तीच शेड काढून द्यायची, हे काम मिळालं. त्याला हात कमरेच्या वर न्यावा लागत नाही. मशीन असतानाही लोक त्यांच्याकडे येतात, कारण उन्हाने उतरलेला रंग मशीनला नेहमी नीट जुळवता येतोच असं नाही. माझी इंटरमिजिएट झाली, ‘बी’ ग्रेड. पुढे मी कॉमर्स घेतलं आणि हिशेबाच्या कामात आहे. चित्रकलेत गेले नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण त्या रविवारी तुम्ही मला जे दिलंत ते माझ्यापाशी आहे. माझ्या वडिलांना काय काय येतं हे मला पंधरा वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं. तुमच्या एका प्रश्नाने कळलं.

तुम्हाला समजावून सांगता आलं असतं. तुम्ही विचारलंत. त्यासाठी मनापासून आभार.

बाबांचा निरोप आहे. मागे आम्ही आलो तेव्हा तुमच्या बाहेरच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल धरलेली त्यांनी पाहिली होती. पावसाआधी ती खरवडून घ्या, नुसता वरून रंग मारू नका. माणसं ते पाठवतील. शेड मात्र स्वतः काढून देणार म्हणतात, तेवढा भिंतीचा एक पोपडा कागदात बांधून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी