हामटा खिंडीच्या वाटेविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. हिमालयातील एखादी खिंड पायी ओलांडण्याचा विषय तू पुन्हा काढलास, याचा मला मनापासून आनंद झाला. कारण गेले दोन महिने वावरातून परतल्यावर मी रोज नकाशा घेऊनच बसतो आहे. माझ्या मनात आता एक वाट पक्की झाली आहे: हिमाचल प्रदेशात कुल्लू खोऱ्यातून चढून लाहौलात उतरणारी हामटा खिंड. तिची उंची सुमारे ४२७० मीटर आहे, तिला गिर्यारोहणाचे विशेष शिक्षण लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती गद्दी मेंढपाळांच्या कळपांनी मळलेली वाट आहे.

हे शेवटचे कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे. रब्बी निघाली की काठेवाडी लोक उंटांवर संसार लादून आपल्या शिवारात उतरत, आणि तुझे बाबा व माझे आजोबा धान्य देऊन त्यांच्या मेंढ्या आपापल्या वावरात बसवून घेत, हे तुला आठवत असेलच. आपण दोघे धुऱ्यावर बसून तो कळप तासन्‌तास पाहत असू. एखादी मेंढी मागे राहिली की सारा कळप थबकत असे आणि कोवळे कोकरू म्हाताऱ्याच्या खांद्यावर जात असे. गद्दीही कोकरू असेच सांभाळतात. ते जो सैल लोकरी चोळा घालतात, त्यावर कमरेला काळा लोकरी दोर गुंडाळतात, आणि दोराच्या वर चोळ्याच्या पोटाशी पिल्लू उबेत राहते. हिवाळा ते कांगड्याकडच्या खालच्या टेकड्यांत काढतात आणि बर्फ वितळून गवत जसजसे वर सरकते, तसतसे तेही वर सरकत जातात. इतक्या सावकाश चढणाऱ्या माणसाच्या शरीराला उंचीची सवय आपोआप होत जाते. आपला परतवाडा मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेचारशे मीटरवर आहे आणि आपण आगगाडीने व बसने दोन-तीन दिवसांत मनालीला पोहोचणार. तेव्हा ती सावकाशी आपल्याला मुद्दाम आखून घ्यावी लागेल.

याविषयी मी एवढा आग्रही का, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी मी एका गटाबरोबर अशाच उंचीवर गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी डोके ठणकू लागले, अन्न नकोसे झाले, तरी इतरांना खोळंबा नको म्हणून मी गप्प राहिलो, आणि गटाच्या प्रमुखानेही विचारपूस न करता चाल वाढवली. त्या रात्री उलट्या करीत तंबूत पडलो असताना मला खरोखर भीती वाटली. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. डोकेदुखी हा तिथे शरीराने दिलेला पहिला निरोप असतो, आणि तो ऐकला नाही तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून जीव जाऊ शकतो. म्हणून आपल्यात एक करार असावा: दोघांपैकी कोणाचेही डोके दुखले तर त्याने ते त्याच क्षणी सांगायचे, त्या दिवशी पुढे चढायचे नाही, आणि त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचे. उंचीवरच्या गोळ्यांविषयी तू तुझ्या डॉक्टरांना आधीच विचार. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांग.

आखणी अशी. मनालीत (सुमारे २०५० मीटर) दोन रात्री राहायचे. तिथून गाडीने जोबऱ्यापर्यंत जाऊन थोडेच चालायचे आणि चिक्याला मुक्काम करायचा. ते साधारण ३१०० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी राणी नाल्याच्या कडेने बालू का घेरा गाठायचे, म्हणजे जवळपास ३६०० मीटर. बहुतेक लोक तिथून दुसऱ्याच सकाळी खिंडीकडे निघतात. आपण तिथे एक दिवस जास्त राहू; दुपारी थोडे वर चढून यायचे आणि झोपायला खालीच उतरायचे. खिंडीच्या दिवशी पहाटे निघायचे, कारण तो टप्पा लांब आहे, दुपारनंतर हवा बिघडू शकते, आणि ऊन चढले की वितळत्या बर्फाच्या पाण्याने ओढे फुगतात. पलीकडे शिया गोरूचा मुक्काम सुमारे ३९०० मीटरवर आहे, आणि तिथला ओढा सकाळीच ओलांडून चंद्रा नदीकाठी छत्रूला उतरायचे. परतीला २०२० साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनाली गाठता येते. चंद्रताल हा तिकडचा तलाव पाहायचा की नाही, ते छत्रूला तब्येती पाहून ठरवू.

खिंडीच्या अलीकडे हिरवी कुरणे, झाडे आणि पावसाळी हवा आहे, तर पलीकडे पर्जन्यछायेतला उघडा, तपकिरी, कोरडा मुलूख. एका दिवसात मेळघाटातून निघून जणू वाळवंटात उतरायचे, हे दृश्य पाहण्यासाठी मी फार आतुर आहे.

वेळ पोळ्यानंतरची, सप्टेंबरच्या मधल्या पंधरवड्यातली धरू. डवरणी आणि निंदण आटोपलेले असते, सोयाबीनची सोंगणी अजून लागलेली नसते, आणि तिकडचा पाऊसही ओसरू लागतो. रात्री मात्र गोठवणाऱ्या असतील. त्याच सुमारास कळप लाहौलातून परतू लागतात, त्यामुळे ते समोरून येताना भेटण्याचा संभव आहे. भेटले तर आपण वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभे राहून त्यांना जाऊ द्यायचे, आणि त्यांच्या राखणदार कुत्र्यांच्या जवळ मुळीच जायचे नाही.

तोवर सराव हवा. व्याघ्र प्रकल्पाच्या रानवाटांवर पायी हिंडणे योग्य नाही. म्हणून धामणगाव गढीहून चिखलदऱ्याकडे जाणारी सडक मी निवडली आहे. पाठीवर सात-आठ किलो ओझे घेऊन, दिवसाउजेडी, बोलताना धाप लागणार नाही अशा चालीने चढायचे. गेल्या रविवारी मी मोथ्यापर्यंत गेलो होतो. गुडघे चढताना नव्हे, उतरताना बोलले. तू नवे बूट आताच घे आणि वावरात रोज वापर.

जेवणाचे एक सांगतो. तिकडे पाणी ८६ ते ८८ अंशांवरच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात तुरीची डाळ शिजणार नाही. छोटा कुकर मी आणतो. फुटाणे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ तुझ्याकडून. वाटाड्या स्थानिकच घेऊ, कारण ओढे कुठे उतार देतात हे त्यालाच ठाऊक असते.

नागपूरहून दिल्लीची तिकिटे लवकर काढावी लागतील, तेव्हा तुझ्या सुट्टीच्या तारखा या आठवड्यातच कळव. जास्तीचा तो एक दिवस धरूनच रजा माग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र