विषय : ‘हॉट रॉड लूक’ फ्युएल लाइन किट गळते, आणि नळाची पांढरी टेप हा त्यावरचा इलाज नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
आणि ज्याला कोनमापक धरता येतो असा तुमच्याकडे जो कोणी असेल तो.

आज सकाळी अकराला तुमच्याकडून फोन आला की माझी तक्रार ‘क्लोज’ झाली आहे. गळती चालू, तक्रार बंद. म्हणून आता लेखी देतोय. पुण्याची कंपनी, म्हणून मराठीत.

किटमध्ये काय येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन मीटर स्टीलच्या जाळीचा पाइप, निळ्या-तांबड्या रंगाची सहा फिटिंग्ज, आधीच तोंड फुलवलेली स्टेनलेसची एक नळी, उघड्या पत्र्याच्या चार क्लिपा आणि काचेचा एक फिल्टर. ₹११,४००. दिवाळीत घेतलं. काचेचा फिल्टर त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये टाकला, कारण गरम इंजिनाशेजारी पेट्रोलनं भरलेली काचेची बाटली टांगायची अक्कल माझ्याकडे नाही. क्लिपांना आतून रबर नव्हतं. ती जाळी कानशीसारखी असते, ज्याला घासेल त्याचा रंग काढते आणि मग पत्राही. त्याबद्दल मी तक्रार केली नाही. रबर मी घातलं.

गाडी १९८६ ची कॉन्टेसा. मूळचं दीड लिटरचं इंजिन जेमतेम पन्नास हॉर्सपॉवरचं, घाटात बैलगाडी बरी. आता त्यात नंतरच्या कॉन्टेसा क्लासिकचं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन आहे, आरसी बुकात नोंद करून. टाकीपासून बॉनेटपर्यंतची स्टीलची नळी मी स्वतः वाकवली, सायलेन्सरपासून लांब, दर दीड फुटावर क्लिप. पुतण्या म्हणत होता तांब्याची घाला, काय चमकेल! तांबं हादऱ्यानं कडक होतं आणि एक दिवस चिरतं, हे त्याला समजावून झालं. बॉनेट उघडल्यावर दिसणारा शेवटचा तुकडा तेवढा देखणा असावा, एवढीच हौस होती. साठी जवळ आली, एवढी हौस चालते.

पैसे भरण्याआधी तुमच्या विक्री विभागाला मी तीन प्रश्न विचारले होते. जाळीच्या आत काय आहे, रबर की पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन? पीटीएफई असेल तर कार्बन मिसळलेलं काळं आहे का? वाहत्या पेट्रोलनं साचणारी स्टॅटिक वीज साध्या पांढऱ्या नळीत अडकते आणि बारीक भोक पाडते, म्हणून विचारलं. आणि तिसरं, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतं का? तिन्हींचं उत्तर एकच आलं, “हो सर, सगळं चालतं.” पहिल्या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तरच होत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्या दिवसापासून सांधा पाझरायला लागला. थेंब कसा येतो सांगतो. आधी निळ्या नटाच्या कडेला ओल दिसते. मग ती खालच्या बाजूला गोळा होते, इंजिनाबरोबर थरथरते, आणि सुटली की सरळ डिस्ट्रिब्युटरकडे, जिथं ठिणग्या उडतात. मी नट पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा आवळताना हात थांबला, कारण पस्तीस वर्षं लेथवर काढल्यावर हाताला कळतं की हे आवळून बसणारं प्रकरण नाही. खोललं. कोनमापक लावला. तुमच्या नळीचं फुलवलेलं तोंड ९० अंशांचं, म्हणजे एका बाजूनं ४५. तुमच्याच फिटिंगचा कोन ७४ अंशांचा, म्हणजे ३७. एक पद्धत गाड्यांच्या ब्रेक-नळ्यांची, दुसरी विमानांकडून आलेली. दोन्ही चांगल्या. एकमेकींत बसत नाहीत. खात्रीसाठी मार्किंग ब्लू, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग, लावून जोडून बघितलं. पूर्ण बसला असता तर रुंद पट्टा उमटला असता. उमटली केसाएवढी एक रेघ. त्या रेघेच्या भरवशावर पेट्रोल थांबवायचं म्हणे.

पहिल्या फोननंतर तुम्ही बदली नळी पाठवलीत. तीही ९०. दुसऱ्या फोनला ‘मेल करा’. मेल केला, फोटो जोडले, ब्लूच्या रेघेचाही. उत्तरात दिवाळी ऑफर आली. जानेवारीत.

तिसरा फोन मात्र सविस्तर सांगतो, कारण तो मी विसरू शकत नाही. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर ‘टेक्निकल टीम’मधला एक मुलगा आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, “काका, टेफ्लॉन टेप लावा. नळाला लावतो ना, ती पांढरी.”

मी म्हटलं, बाळा, या सांध्यात आटे सील करत नाहीत. आटे फक्त दाबतात. सील होतं ते कोनावर. आट्यांवर टेप गुंडाळून काय होणार? तिचे तंतू सुटतील आणि कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतील.

“काका, कोनानं एवढा काय फरक पडतो? घट्ट आवळा.”

आवळलं तर तोंड चिरतं, मी म्हटलं.

“एवढ्या जुन्या गाडीत थोडा वास येणारच की. आणि शोला न्यायचीय ना? त्या दिवशी पेट्रोल कमी भरा.”

मी गप्प बसलो. त्याला वाटलं फोन होल्डवर आहे. नव्हता. शेजारच्याला तो म्हणाला, आणि मी स्पष्ट ऐकलं, “एक म्हातारा आहे रे, कोनाचं काहीतरी सांगतोय.” मागे कोणीतरी हसलं. मग पुन्हा माझ्याशी, मधाळ आवाजात, “काका, दिसायला तरी मस्त आहे ना आपलं किट?”

हो. दिसायला मस्त आहे. पेटलं असतं तर आणखी मस्त दिसलं असतं.

म्हातारा म्हटल्याचं मला काही नाही, आरशात रोज दिसतो. पण उद्यमनगरात बसून ज्यानं आयुष्यभर कोन काढले त्याला ‘कोनाचं काहीतरी’? तुमच्या कारखान्यातला शिकाऊ पोरगाही ४५ आणि ३७ मधला फरक सांगेल. सांगत नसेल तर तो कारखाना बंद करा.

आता दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, पेट्रोलचा वास कुठून येतोय? या वेळी सांधे कोरडे होते, कारण ९० चं तोंड कापून टाकून मी स्वतः ३७ चं काढलं होतं. (हे काम तुमचं होतं. मजुरी लावलेली नाही.) कोरड्या फडक्यानं पाइप पुसला आणि फडका हुंगला. वास पाइपातूनच झिरपत होता. तुकडा कापला. पीटीएफई नाहीच, साधं काळं रबर. चार महिन्यांत फुगून मऊ झालेलं, नखानं खरवडलं तर काजळीसारखं बोटाला लागतं. बाहेरची जाळी अजून दुकानातल्यासारखी चकाचक. साधा रबरी पाइप निदान चिरा पडून सांगतो की मला बदल. तुमची जाळी ते झाकते.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे हे सगळ्या देशाला माहीत आहे. कागलजवळ माझा दीड एकर ऊस आहे, तेव्हा त्यात थेंबभर माझाही असेल. इथेनॉलला दोष देऊ नका. ते काय करतं हे माहीत असूनही पाकिटावर ‘ई-२० सेफ’ छापणाऱ्याला द्या. एसएई जे-३० आर-९ या पेट्रोल-पाइपाच्या मानकाचा साधा काळा पाइप घेतला असता तर एवढ्या पैशात चार गाड्यांचं झालं असतं. नसता चमकला. वास तरी आला नसता.

वाईट याचं वाटतं की तुमचे गोल कडेचे क्लॅम्प मी सहा वर्षं डोळे मिटून वापरले. रबर न कापणारा क्लॅम्प बनवणारी माणसं आणि हे किट विकणारी माणसं एकाच गेटातून आत जातात, हे पटत नाही. आणि हो, टेप! कंपनीच्या टेक्निकल टीमनं नळाची टेप सांगावी!

मला ₹११,४०० परत हवेत. बदली नळी नको, ती ९० चीच येणार. पाकिटावरून ‘ई-२० सेफ’ काढा. आणि ज्यांनी ज्यांनी हे किट घेतलं त्यांना फोन करून आतलं रबर तपासायला सांगा. त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत, ऑफरचे मेसेज बरोबर पोहोचतात. पंधरा दिवस वाट बघतो. नंतर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, नोंद आणि कोल्हापूरच्या ग्राहक आयोगात अर्ज. २०१९ च्या कायद्यानं मी राहतो तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फीही नाही. तुम्हाला मात्र तारखेला पुण्याहून यावं लागेल. त्या मुलाला घेऊन या, कोनमापक मी आणतो.

पाइपाचा कापलेला तुकडा सोबत पाठवतोय. दोन दिवस उन्हात वाळवलाय, तरी पाकीट फोडण्याआधी खिडकी उघडा.

अजून तरी तुमचा ग्राहक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर