मामा बोलला तेव्हा

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

"आई, मामा तसं बोलला तेव्हा तू गप्प का बसलीस?" असं तू रविवारी विचारलंस. फोनवर मला उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या तिकडच्या निवडणुकीवरून बोलता बोलता विषय समलिंगी लोकांवर आला आणि मामा म्हणाला, "असल्या लोकांचे फार लाड चाललेत." माझा मुलगाही त्यांच्यातलाच आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तू ते फक्त मला आणि बाबांना सांगितलं आहेस. कुणाला आणि कधी सांगायचं हे तूच ठरवणार. मामाला गप्प करायला मी तुझं गुपित खर्च करायचं, हे मला पटेना.

तेव्हा मला मेरी चेनी आठवली, अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांची समलिंगी मुलगी. १३ ऑक्टोबर २००४ च्या डिबेटमध्ये अध्यक्षपदाचे विरोधी उमेदवार जॉन केरी यांना विचारलं गेलं, समलैंगिक असणं ही निवड असते का? त्यांनी उत्तरात चेनींच्या या मुलीचं उदाहरण दिलं. मेरीनं काही लपवलं नव्हतं, वडिलांच्या प्रचारात ती कामही करत होती. तरीही सगळ्या देशासमोर, विरोधी उमेदवाराच्या तोंडून? तिची आई संतापली. तो संताप मला आतून कळतो.

पण मग पुढचं कळत नाही. समलिंगी विवाहाला राज्यघटनेतच बंदी घालावी, अशी भूमिका त्याच वर्षी अध्यक्ष बुश यांनी घेतली होती. चेनी ऑगस्टमध्ये जाहीरपणे म्हणाले की स्वातंत्र्य सगळ्यांनाच असतं, पण प्रचार मात्र बुश यांच्याच सोबतीनं करत राहिले. २ नोव्हेंबरला ११ राज्यांत विवाहबंदीवर मतदान झालं आणि अकराही ठिकाणी ती मंजूर झाली. लेकीचं नाव घेतलं म्हणून एवढा राग येतो, तर तिचा हक्क जाताना त्या घरात काय बोलणं झालं असेल?

ओहायोचे माजी सिनेटर रॉब पोर्टमन यांचं मला जास्त जवळचं वाटतं. १९९६ मध्ये त्यांनी समलिंगी विवाहाच्या विरोधातल्या कायद्याला मत दिलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये मुलानं, विलनं, आपण समलिंगी असल्याचं घरी सांगितलं. मार्च २०१३ मध्ये त्यांनी आपली भूमिका बदलल्याचं जाहीर केलं, तेही मुलाशी बोलून. स्वतःच्या घरात आलं तेव्हाच डोळे उघडले, अशी टीका झाली. टीका खरी आहे. तू सांगण्याआधी मीही या विषयावर कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी मधली दोन वर्षं मला खुपतात.

तुझं नाव न घेताही मला मामाला उत्तर देता आलं असतं, हे फोन ठेवल्यावर सुचलं. "दादा, हे मला मान्य नाही," एवढं म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. ते राहून गेलं. त्याचं वाईट वाटतं, बाळा.

मामाला मी उद्या फोन करणार आहे. तुझ्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. कधी सांगावंसं वाटलं तर तू सांग, किंवा मला सांगायला सांग. बाबा शेजारी बसून हे वाचताहेत आणि "मीही बोलेन" म्हणताहेत.

तुझी,
आई