जाहिरात अडवायची की पैसे भरायचे? आधी पडदा कोणता ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ॲडब्लॉकर (जाहिराती अडवणारे सॉफ्टवेअर) लावून यूट्यूब पाहणे हा फुकटेपणा की ग्राहकाचा हक्क, हा वाद आता घरोघरी पोचला आहे. त्यात नीती-अनीतीचा काथ्याकूट भरपूर होतो. पण ॲडब्लॉकर नेमके काय अडवतो आणि पैसे भरल्यावर नेमके काय मिळते, हे कोणी बोलत नाही. खरे तर अर्धा निर्णय तुम्ही कुठल्या पडद्यावर पाहता तिथेच होऊन जातो.

संगणकापासून सुरुवात करू. ब्राउझरमध्ये यूट्यूबचा व्हिडिओ उघडला की प्लेयरकडे माहितीचे एक भलेमोठे गाठोडे येते. व्हिडिओचे शीर्षक, दर्जा, सबटायटल्स आणि त्यातच जाहिराती कुठे कुठे लावायच्या त्या जागा. ‘ॲडप्लेसमेंट्स’ नावाचा हा शेवटचा भाग ॲडब्लॉकर वाटेतच छाटतो. प्लेयरला जाहिरातीचा पत्ताच लागत नाही, तो सरळ व्हिडिओ सुरू करतो. यूट्यूबने या गाठोड्याची बांधणी जरा बदलली की छाटणी चुकते. मग व्हिडिओ काळा पडतो, नाहीतर ‘ॲडब्लॉकर आमच्या अटींत बसत नाही’ अशी सूचना पडद्यावर येऊन बसते. २०२३ च्या अखेरीस ही सूचना जगभर दिसू लागली, आणि तेव्हापासून चोर-पोलिसांचा हा खेळ थांबलेला नाही.

अशी सूचना आली की बहुतेक जण पहिल्या ॲडब्लॉकरच्या जोडीला दुसरा बसवतात. नेमकी इथेच गडबड होते. दोघांपैकी ज्याची ‘काय अडवायचे’ ही यादी जुनी असेल तो पकडला जातो आणि पहिल्याचे चांगले कामही वाया जाते. एकच ठेवावा. युब्लॉक ओरिजिन हा ॲडब्लॉकर असेल तर त्याच्या चिन्हावर क्लिक करून डॅशबोर्ड उघडावा, ‘फिल्टर लिस्ट्स’मध्ये जाऊन आधी ‘पर्ज ऑल कॅशेस’ आणि मग ‘अपडेट नाऊ’ दाबावे, यूट्यूबचा टॅब पुन्हा लोड करावा. ब्राउझरमध्येच जाहिरात अडवण्याची वेगळी सोय चालू असेल तर यूट्यूबपुरती ती बंद करावी. एवढे केल्यावर बहुतेक वेळा काम होते. नाही झाले तर नवी यादी येईपर्यंत काही तास थांबण्यावाचून इलाज नसतो.

क्रोम वापरणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. गुगलने एक्स्टेन्शनचे (ब्राउझरला जोडायच्या ॲडब्लॉकरसारख्या पुरवण्यांचे) नियम बदलले (‘मॅनिफेस्ट व्ही-३’ म्हणतात ते हेच) आणि २०२४-२५ मध्ये मूळ युब्लॉक ओरिजिन क्रोमवर टप्प्याटप्प्याने बंद पडले. पूर्वी एक्स्टेन्शन प्रत्येक विनंती स्वतः तपासून काय अडवायचे ते ठरवायचे. आता नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे, अशी पद्धत आहे. त्यामुळे क्रोमवर उरले ते ‘लाइट’ रूप. त्याच्या याद्या बहुतांशी एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबरच येतात, म्हणून यूट्यूबने बदल केला की ते मागे पडते. फायरफॉक्सवर मूळ युब्लॉक अजून चालते. ज्या कंपनीची कमाई जाहिरातींवर, तिच्याच ब्राउझरमध्ये बसून तिच्याच जाहिराती अडवायच्या, यात कोणाचे पारडे जड असणार हे वेगळे सांगायला नको.

आता दिवाणखान्यातला टीव्ही. तिथे ॲप असते, ब्राउझर नसतो, त्यामुळे एक्स्टेन्शन बसवायला जागाच नाही. मग कोणीतरी ‘डीएनएस बदला’ असा सल्ला देते. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा. अँड्रॉइड फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असते. त्यात जाहिरात अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की गेममधल्या आणि बातम्यांच्या संकेतस्थळांवरच्या बऱ्याच जाहिराती जातात. यूट्यूबवर मात्र हा उपाय चालत नाही. डीएनएसला फक्त पत्ता दिसतो, आणि यूट्यूबचा व्हिडिओ व त्याआधीची जाहिरात एकाच पत्त्यावरून येतात. जाहिरात अडवायला गेलात तर व्हिडिओही जातो. शिवाय हॉटेलच्या किंवा स्टेशनवरच्या वायफायवर हीच सेटिंग इंटरनेट बंद पाडते आणि दोष नेटवर्कला दिला जातो. तिथे ती तात्पुरती ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावी.

राहिली ती ‘मॉड’ केलेली, म्हणजे मूळ ॲपमध्ये परस्पर फेरफार केलेली ॲप. हा मार्ग धरू नये. ॲडब्लॉकर वापरणे आपल्याकडे गुन्हा नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही १९ एप्रिल २०१८ रोजी एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाविरुद्ध निकाल देताना ॲडब्लॉकर पुरवणे ही अनुचित स्पर्धा ठरत नाही असे म्हटले. पण कोणा अनोळखी माणसाने बांधलेले एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) उतरवून त्यात आपले गुगल खाते उघडायचे, म्हणजे जाहिरात टाळण्यासाठी घराची किल्ली शेजारच्या गल्लीत ठेवून येणे.

थोडक्यात, टीव्हीवर आणि फोनच्या ॲपमध्ये यूट्यूब विनाजाहिरात हवे असेल तर पैसे भरणे हाच सरळ रस्ता. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘यूट्यूब प्रीमियम’ या विनाजाहिरात वर्गणीचा एकट्याचा मासिक दर १२९ वरून १४९ रुपये झाला, कुटुंबाचा १८९ वरून थेट २९९. तरीही हिशेब कुटुंबाच्याच बाजूने जातो, कारण त्यात एका घरातली सहा माणसे बसतात आणि माणशी पन्नास रुपयेही पडत नाहीत. अट एकच, सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. पुण्याच्या भावाने कोल्हापूरच्या बहिणीला जोडणे नियमात बसत नाही. एकट्यासाठी १४९० रुपयांची वार्षिक योजना महिन्याला १२४ रुपयांत पडते. आयफोनवर यूट्यूबच्या ॲपमधून वर्गणी घेतली तर जास्त पैसे जातात. तीच ब्राउझरमधून घ्यावी आणि ॲपमध्ये फक्त लॉगिन करावे.

२०२५ मध्ये ८९ रुपयांची ‘प्रीमियम लाइट’ आली. ती घेण्याआधी बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा. संगीताच्या व्हिडिओंवर, शॉर्ट्सवर आणि शोध घेताना जाहिराती दिसू शकतात, असे त्यात म्हटले आहे. बातम्या, पाककृती, किल्ल्यांची भटकंती पाहणाऱ्याला ती पुरेल. पहाटे अभंग आणि संध्याकाळी नाट्यगीते लावणाऱ्या घरात मात्र हे ८९ रुपये बरेचसे वाया जातील.

माझी खरी तक्रार मात्र यापुढची आहे. पैसे भरले म्हणजे जाहिरात गेली, हे आता खरे राहिलेले नाही. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतात वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. त्या नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये वेगळे. म्हणजे १४९९ ची वार्षिक प्राइम घेणाऱ्याला पूर्वीचाच अनुभव २१९८ रुपयांना पडतो. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये आले तेव्हा त्याच्या खालच्या दोन योजनांत जाहिराती होत्याच. वरची ‘प्रीमियम’ जाहिरातमुक्त, पण थेट सामने वगळून. ज्या क्रिकेटसाठी लोक वर्गणी भरतात, तेच वगळलेले! यूट्यूब प्रीमियम घेतले तरी निवेदक स्वतःच व्हिडिओत ‘आजच्या भागाचे प्रायोजक’ म्हणून सांगतो, तो भाग राहतोच.

दुसऱ्या बाजूचाही विचार करायला हवा. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलचालकाला मिळतो, आणि प्रीमियमच्या वर्गणीतलाही वाटा पाहिलेल्या वेळेनुसार त्याला जातो. ॲडब्लॉकर लावून पाहिले तर दोन्हीकडे शून्य. एखाद्या मराठी चॅनेलच्या व्हिडिओपुरता अडसर काढायचा असेल तर युब्लॉकच्या मोठ्या पॉवर बटणावर कंट्रोल की दाबून क्लिक करावे; समोरच्या त्या एका पानापुरताच तो बंद होतो. (हे आपल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरही करता येते. मात्र बातमी वाचताना मजकुरावर चढून बसणारी आणि ‘x’ शोधायला लावणारी जाहिरात आधी काढावी, ही विनंती.)

वर्गणी बंद करण्याबाबतही गैरसमज आहे. ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही. आधी त्या सेवेच्या खात्यात जाऊन ती रद्द करावी, मग यूपीआय ॲपच्या ‘ऑटोपे’ विभागात तिचा मॅन्डेट (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) उरला आहे का ते पाहून तोही रद्द करावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नये.

केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी (ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-संकेतस्थळांच्या मांडणीविरुद्धची) मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणीतून बाहेर पडणे मुद्दाम किचकट करणे, हाही आहे. तसा अनुभव आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. याच धर्तीवर आणखी एक नियम व्हावा: ‘ॲड-फ्री’ हा शब्द जिथे छापला असेल तिथेच, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत आणि ग्राहकाने निवडलेल्या भाषेत, कुठे कुठे जाहिरात दिसणार ते लिहिलेले असावे. चालू वर्षाचे पैसे आधीच घेतले असतील तर मुदत संपेपर्यंत नव्या जाहिराती घालू नयेत. घालायच्याच असतील तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्यावेत.

कळावे,
एक वाचक, नाशिक