रात्रभर वारा

अलिबाग, शनिवार रात्र

प्रिय एली,

तारे दिसले, शब्बाथचा विसावा सुटला, तशी लिहायला बसले. परवा फोन मीच ठेवला, चुकलंच माझं. "समुद्र दुभंगतात ते पोथीत, आई," हे तुझं बोलणं मी गिळलं असतं. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री एकटाच राहीन म्हणालास, ते काही घशाखाली उतरेना.

आज पोथीतल्या निर्गमाचा 14वा अध्याय परत काढला. पेसाहच्या सणाला हग्गादातली सुटकेची गोष्ट म्हणताना आपण लगेच पलीकडच्या काठाला लागतो. इथे मात्र मागे मिसरच्या राजाचे, फारोचे रथ, पुढे पाणी, आणि आपले लोक त्यांना नेणाऱ्या मोशेवर ओरडतायत, मिसरात कबरी नव्हत्या म्हणून आम्हाला इथे मरायला आणलंस का? असं बोलणारेच सुटले, एली. देव मोशेला म्हणाला, माझा धावा काय करतोस, लोकांना चालायला सांग. मग पूर्वेचा वारा सुटला, तो रात्रभर वाहत होता, तेव्हा समुद्र दुभंगला. ती अख्खी रात्र त्यांनी काठावर काढली असेल. पण सगळे एकत्र होते.

तू सहा वर्षांचा असताना ओहोटीला आपण कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. येताना पाणी घोट्याला लागलं. पप्पा खांद्यावर घेतो म्हणाले, तर नको म्हणालास. माझा पदर दोन्ही मुठींत धरून रडत रडत चालत आलास, थांबला मात्र नाहीस. किनाऱ्यावर आलो तेव्हा पदराला ओल्या वाळूचे दोन गोळे चिकटलेले. पप्पा त्या रात्री जेवताना चारदा तेच सांगत होते, पोरगा थांबला नाही म्हणून.

डॉक्टरांपासून काही लपवू नकोस. सिगारेट ओढत असशील तर तेही सांग. झोपताना शेमाची प्रार्थना म्हण, मनात म्हटलास तरी चालेल. आणि रात्री सोबत कोणीतरी... बघ, परत सुरू झाले. रागावू नकोस.

पप्पांच्या वेळी आपण गोड पोह्यांचा मालिदा केला होता, संदेष्टा एलियाहू हन्नाबीला नवस बोललो होतो. तुला तेच म्हणायचं होतं ना? मला कळलं होतं, म्हणून तर फोन ठेवला. दानीएलाच्या पुस्तकातले ते तिघे भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात, आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, पण त्याने नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमणार नाही. 'नाही सोडवलं तरी' हे शब्द मी इतकी वर्षं भरभर वाचून पुढे जायचे. नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, हे तुला मीच शिकवलं. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, ते कधी धड सांगितलं नाही. तेहिलिममधलं 88वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं. तरी ते आपल्या लोकांनी जपून ठेवलं. पप्पा गेल्यावर महिनाभर मी तेवढं एकच म्हणत होते.

तेव्हा देव तुला बरं करीलच, असं लिहून देणारी मी कोण? मी मागतेय मात्र रोज. हट्टाने मागतेय.

पप्पा गेले त्या रात्री मी कपडे बदलायला घरी आले होते, एली. दोन तासच. हे मी तुला कधी बोलले नाही.

म्हणून रूथला थांबू दे. खुर्चीत बसून राहील, एक शब्द बोलणार नाही, मी तिला बजावलंय. परक्या आजोबांना आपल्या बापासारखी आंघोळ घालणारा माझा मुलगा, एक रात्र कोणाला तरी आपल्या उशाशी बसू दे.

पोहे आणि वेलची तिच्याकडेच दिलीय, नारळ तिकडे मिळतो म्हणाली. बुधवारी मी जागीच आहे. कितीही वाजोत, फोन कर.

तुझी,
आई